बॉबकटवालीची अबोली

चेन्नईत गजरा हातावर विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे एक मुळम. मैलापूरच्या कपालीश्वरर देवळाभोवती टोपल्या मांडून बसलेल्या फूलवाल्या या एका मापावर पिढ्यान्‌पिढ्या धंदा करत आल्या आहेत. सरकारने 1956 साली वजनमापांचा कायदा करून मीटर आणि किलोग्रॅम आणले. कोयंबेडूच्या घाऊक बाजारात फुलं किलोवर जातात, म्हणजे तिथवर कायदा पोहोचला म्हणायचा. पुढे मैलापूरला येता येता तो फूलवालीच्या कोपराशी अडला.

कारण हे कोपर भलतं हुशार आहे. ओळखीच्या मामी समोर आल्या की पूकारम्मा, म्हणजे फूलवाली, आजानुबाहू होते. माझ्यासारखी, तमिळ क्रियापदाच्या शेपटीवर पाय देत बोलणारी बाई आली की पूकारम्माचा हात मनगटाशी सुरू होतो आणि करंगळीशी संपतो. माझा नवरा चांगला उंचापुरा. एकदा त्याने आपला हात लांब करून ‘या हातावर मोजा’ अशी मागणी केली. पूकारम्माने तो हात खालून वर नीट निरखला आणि म्हणाली, “हात तुमचा, तर गुंफायचंही तुमच्याच हातानं.” शेजारच्या चार टोपल्यांमागून हसण्याचा फवारा उडाला. घरी परतताना नवरा एकच वाक्य बोलला, “आपल्याकडे बाल्कनी आहे.”

अबोली लावायचा निर्णय असा बाजारपेठेच्या दबावाखाली झाला.

खरं तर आमच्या सावंतवाडीला अबोली ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. परसात न्हाणीच्या पाण्यावर ती आपली आपण वाढायची, आणि घरातली म्हातारी बाई केळीच्या सोपाच्या दोऱ्यात तिचे वळेसर ओवायची. लग्न, हळदीकुंकू, देवीची ओटी, गौर असं काही असलं की अबोली. एरवी ती झाडावर आणि आम्ही शाळेत. इथे तसं नाही. इथे मंगळवारी सकाळी बँकेत पासबुक भरायला आलेल्या बाईच्या वेणीतही कनकांबरम, म्हणजे अबोली, असतं, भाजी मार्केटात कोथिंबिरीवरून भांडणाऱ्या बाईच्या डोक्यातही असतं आणि भांडण संपेपर्यंत तसूभर हलत नाही. महाराष्ट्रात बाई गजरा माळून निघाली की शेजारी विचारतात, “काय विशेष?” चेन्नईत न माळता निघाली की विचारतात.

आणि मला विचारतात. कारण माझा बॉबकट आहे.

आमच्या मंदवेळीच्या इमारतीत माझी ओळख आधी ‘नॉर्थ इंडियन’ अशी होती. वरच्या मजल्यावरच्या मामींना मी मोबाइलवर नकाशा उघडून सावंतवाडी दाखवली, तिच्या बगलेतला गोवा दाखवला, खाली हाताच्या अंतरावर असलेलं कर्नाटक दाखवलं. मामींनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि मोबाइल परत देत म्हणाल्या, “तेच ते. वर.” पण बाल्कनीत कनकांबरमच्या कुंड्या आल्या आणि माझा हुद्दा बदलला. आता मी ‘ती फुलं असलेली, केस नसलेली’.

आता झाडाबद्दल. क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस हे त्याचं शास्त्रीय नाव; नर्सरीत हे नाव उच्चारलं तर माळी औषधांच्या दुकानाकडे बोट दाखवतो. अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातलं हे झुडूप, माहेर दक्षिण भारत आणि श्रीलंका. म्हणजे चेन्नईत परकं कुणी असेल तर मी, ती नव्हे. फार तर कमरेएवढं वाढतं. शेंड्यावर हिरवं चौधारी कणीस येतं आणि त्या कणसावर फुलं खालून वर क्रमाने उमलत जातात, आज दोन, परवा दोन, घाई कसलीच नाही. वास नाही. पण तोडल्यावरही फूल दोनेक दिवस मान टाकत नाही, आणि चेन्नईच्या हवेत हा गुण सुगंधापेक्षा मोठा आहे. मोगरा सकाळी माळला तर संध्याकाळी तपकिरी. अबोली दुसऱ्या दिवशी ऑफिसलाही चालते. म्हणून फूलवाल्या दोन्ही फुलं मरव्याच्या बारक्या काड्यांबरोबर एकत्र गुंफून कदंबम करतात. वास मोगऱ्याने द्यायचा, रंग अबोलीने, आणि भाव ठरवायचा कोपराने.

माझ्याकडे दोन प्रकारची झाडं आहेत. एक गावठी, वहिनीने सावंतवाडीहून कागदाच्या पुडीत पाठवलेल्या बियांची. दुसरं रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतलेलं. गाडीवाल्याने रोपाच्या प्लास्टिकच्या पिशवीवर थाप मारून सांगितलं, “वरुषम फुल्ला पूक्कुम.” वर्षभर फुलेल. रोपं विकणारा माणूस वर्षभराची हमी सहज देतो, कारण पुढल्या आठवड्यात त्याची गाडी दुसऱ्या पेठेत असते. मी जात विचारली. तो अभिमानाने म्हणाला, “डेल्ली!”

तमिळनाडूत दिल्लीहून आलेल्या कुठल्या गोष्टीचं असं मनापासून स्वागत झाल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. हिंदी आली, लोकांनी रेल्वे स्टेशनच्या पाट्यांना डांबर फासलं. इतर गोष्टी आल्या, त्यांच्यावर अग्रलेख आले. ‘डेल्ली कनकांबरम’ मात्र थेट बायकांच्या डोक्यावर जाऊन बसलं. गावठीपेक्षा पाकळी मोठी, रंग गडद, फुलं भरपूर. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टाच्या उद्यानविद्या संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’ अशी नवी वाणं काढली आहेत, पण हातगाडीवर प्रत्येक रोप दिल्लीचंच असतं.

या दिल्लीवालीचं एक वैशिष्ट्य आहे. ती वांझ आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, त्यामुळे बी धरत नाही. फांद्या कापून, वाळूत रोवून, सावलीत ठेवूनच तिची नवी रोपं करायची. फुलतच राहायचं, फळायचं मात्र नाही. यावर मामींच्या यजमानांची, म्हणजे मामांची, टिप्पणी होती, “नावच दिल्ली. मग दुसरं काय होणार?” मामा निवृत्त हिशेबतपासनीस आहेत आणि केंद्राच्या कुठल्याही योजनेबद्दल हेच बोलतात.

गावठीचं गणित उलटं. तिला बी हवं असतं. फूल हा तिच्या लेखी नुसता मध्यस्थ. कणसावरची फुलं संपली आणि तुम्ही ते कणीस तसंच झाडावर राहू दिलं, की ती सगळी ताकद बियांत घालते, मग समाधानाने सुस्तावते आणि फुलणं कमी करते. तेव्हा बारा महिने फुलं हवी असतील तर एकच काम करायचं: तिला समाधानी होऊ द्यायचं नाही. कणीस वाळायला लागलं की कात्री लावायची. ती बिचारी पुन्हा बगलेतून फूट काढते, पुन्हा कणीस, पुन्हा फुलं, पुन्हा आपण कात्री घेऊन हजर. नर्सरीवाले ज्याला ‘वर्षभर फुलतं’ म्हणतात ते झाडाचं औदार्य नसतंच. तिचा एक साधा संसारी बेत आपण दर पंधरवड्याला उधळत असतो आणि ती चिकाटीने नव्याने आखत असते. हे मी मामींना सांगितलं. मामी म्हणाल्या, “माझ्या सासूनं माझ्याबाबतीत हेच केलं. म्हणून तर मी पंचाहत्तरीलाही कामाची आहे.”

बारमाही फुलणाऱ्या झाडाचा दुसरा त्रास असा की माणसालाही बारमाही राबावं लागतं. मोगरा उन्हाळा गाजवतो आणि थंडीत गप्प बसतो. तेवढ्यात माणूस गावी जाऊन येऊ शकतो. अबोली सुट्टी घेत नाही. एक दिवसाआड फुलं खुडायची, आणि फूल एवढंसं, नाजूक, एकेक चिमटीने काढायचं. ओंजळभर झाली असं वाटून खाली पाहावं तर तळहाताच्या रेषाही झाकलेल्या नसतात. जास्वंदीचं बरं असतं. खालच्या अंगणातल्या जास्वंदीवर पहाटे फिरायला येणाऱ्या काकांची आकडीची काठी चालते. एका झटक्यात चार फुलं पिशवीत, आणि ‘देवासाठीच तर नेतो’ हा जामीन आधीच मंजूर. अबोलीच्या वाटेला मात्र चोर जात नाहीत. इतका धीर ज्याच्याकडे असेल तो चोरी कशाला करेल? उगीच कुणी म्हणू नये म्हणून सांगते, तक्रारीची सोय शहराने करून ठेवली आहे. पॅरीज कॉर्नरजवळच्या जुन्या फूलबाजारावरून ज्याचं नाव पडलं असं फ्लॉवर बझार पोलीस ठाणं इथे खरोखर आहे. रात्री-अपरात्री भुरट्यांना पकडून तिथे नेत असतील तेव्हा ‘फुलबाजारात बसवलंय’ असा निरोप घरी जात असेल, या कल्पनेने मला अजून गुदगुल्या होतात.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर पानं पिवळी पडली. सगळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. बाल्कनीच्या दाराशी दोन तासांत वैद्यांचं मंडळ जमलं. कामाला येणाऱ्या अक्कांनी अरसी कळुविन तण्णी सुचवलं, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी. नुसतं नको, एक दिवस आंबवलेलं. तळमजल्यावरच्या केरळच्या टीचर म्हणाल्या, मासे धुतलेलं. हे ऐकताच मामींनी पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या, जणू मासा बाल्कनीत पोहोचलाच. वॉचमनदादांनी गंजलेले खिळे मातीत खुपसा म्हणून सांगितलं, आणि सांगितलंच नाही तर खिशातून काढून दिले. त्यांच्या खिशात गंजलेले खिळे का होते हे कुणी विचारलं नाही.

मामींचा उपाय मात्र एकच, आणि तो सगळ्या रोगांवर: फिल्टर कॉफीचा चोथा. मामींच्या घरी सकाळी साडेपाचला डिकॉक्शन उतरतं, आणि उतरल्यावर पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात जो ओला काळा गाळ उरतो, तो त्यांच्या मते साक्षात पंचामृत. गुलाबाला तोच, कढीपत्त्याला तोच, तुळशीला मात्र नाही, कारण तुळस कॉफी पीत नाही. “ॲसिड असतं त्यात,” मामी अधिकारवाणीने म्हणाल्या. खरं तर आम्लता बहुतेक डिकॉक्शनबरोबर मामांच्या पोटात गेलेली असते, चोथ्यात फारशी उरत नाही. पण तो रोज स्टीलच्या डब्यातून येतो, अजून कोमट असतो, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून दिवसाआड तोच डबा अबोली घेऊन वर जातो. एवढ्या भक्कम व्यवहारापुढे रसायनशास्त्र कुठे टिकणार!

रोगाचं मूळ पाण्यात होतं. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी, आणि त्यात इतके क्षार की बादलीच्या काठाला पांढरी किनार धरते. अशा पाण्यावर मातीची जात हळूहळू बदलते. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि हात बांधलेले. अबोली याबाबतीत फार हळवी. यावर कृषीवाले हिराकस सांगतात, अर्धा टक्का, म्हणजे लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, आणि मातीत न घालता संध्याकाळी पानांवर फवारायचं. हिराकस मागायला गेले तर दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या बॉबकटाकडे पाहिलं आणि “केसांना लावायला?” असं हळू आवाजात विचारलं. मी कुंडीसाठी म्हटल्यावर त्याचा चेहरा खरोखर पडला.

मुळांत घुसणाऱ्या सूत्रकृमींचा बंदोबस्त निंबोळी पेंडीने आणि बाजूच्या कुंडीत लावलेल्या झेंडूने होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पेंडीला वास येतो, झेंडूला दसऱ्याला भाव येतो.

पाण्याचा प्रश्न मात्र असा दोन ओळींत मिटणारा नाही, कारण हे चेन्नई आहे. 2019 च्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम ही शहराची चारही धरणं जवळजवळ कोरडी पडली. आयटी कंपन्यांनी लोकांना ‘घरूनच काम करा’ म्हणून सांगितलं, ते करोनाच्या आधी आणि फक्त पाण्यासाठी. 12 जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला आली तेव्हा तिला फुलांच्या माळा घातल्या होत्या. माळा पाहून मामी हळहळल्या, पाण्याबद्दल नव्हे. “एवढी फुलं! आणि मला परवा अर्धा मुळमसुद्धा दिली नाहीत.” त्या दिवसांत झाडांना नळाचं पाणी घालणं हा इमारतीत सामाजिक गुन्हा होता. अबोली जगली ती एसीवर. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतून गोळा झालेली वाफ, क्षार औषधालाही नाही. चेन्नईच्या दमट हवेत रात्रभरात बादली भरते. शहर रेल्वेच्या पाण्यावर होतं आणि बाल्कनीतली एक बाई दीड टनी यंत्रातून खास गाळलेलं मृदू पाणी पीत होती. पानं अशी काही हिरवी झाली की हिराकसाची पुडी तशीच राहिली. तेव्हापासून नवरा एसी बंद करायला उठला की मी म्हणते, “झाडाला लागतो.” वीजबिल बघून तो म्हणतो, “गजरा विकत आणलेला परवडला असता.” पण पूकारम्माचं कोपर आठवून गप्प बसतो.

मे महिन्यातलं अग्निनक्षत्र, इथल्या भाषेत कत्तिरी, हा निराळा प्रकार. चार मेच्या आसपास लागतं आणि महिना संपत आला की सुटतं. दुपारी दोनला अबोली अशी मान टाकते की पाहणाऱ्याने आप्तेष्टांना कळवायला घ्यावं. माती चाचपली तर ओली असते. तहान लागलेली नसते, नुसता उकाडा झालेला असतो. सूर्य कलला की ती आपली आपण उठून बसते. मध्ये कुणी कळवळून दुपारीच तांब्या ओतला, तर मात्र मुळं कुजून खरोखरच आप्तेष्टांना कळवावं लागतं. दुपारी दोन ते पाच या वेळात बाल्कनीचं दार बंद ठेवायचं आणि कामाला येणाऱ्या अक्कांना दयाळूपणापासून परावृत्त करायचं, एवढीच उन्हाळी निगा.

आणि मग ऑक्टोबर. महाराष्ट्रात पाऊस संपतो तेव्हा इथे ईशान्येचा मान्सून दारात उभा असतो. गावठी अबोलीची काही कणसं माझी नजर चुकवून वाळलेली असतात, त्यांच्यात पक्क्या बिया. पहिल्या सरीचे थेंब त्या वाळक्या बोंडांवर पडले की ती तट्‌कन फुटतात आणि बी हातभर उडतं. इंग्रजीत या झाडाला फटाक्यांचंच नाव आहे. दिवाळी नेमकी त्याच सुमारास. इथल्या पोरांचे फटाके दरवर्षी पावसात भिजून फुसके होतात, आणि बाल्कनीतले मात्र भिजल्यावरच वाजतात.

एका वर्षी त्यातलं एक बी पराक्रम गाजवून गेलं. मामींची तुळस पावसात भिजावी म्हणून आमच्या बाल्कनीच्या कठड्यालगत आणून ठेवली होती. ती परत वर गेली आणि काही आठवड्यांनी मामी जिन्यावरून हाका मारत खाली आल्या. तुळशीच्या बुंध्याशी एक चकचकीत पानांचं रोप. मी म्हटलं, उपटून द्या, माझं आहे. मामी गंभीर झाल्या. तुळशीच्या कुंडीत जे उगवलं ते उपटायचं नाही. “वन्दुडुत्तु, इरुक्कट्टुम.” आलंय ना, राहू दे. मग तत्त्वाचा प्रश्न निघाला: याची फुलं कुणाची? बी माझं, माती मामींची, पाणी सोसायटीच्या बोअरचं आणि जागा तुळशीची. मामांनी जुन्या सवयीने कागद घेतला आणि भाग पाडले. त्यांच्या हिशेबाने माझ्या वाट्याला सहावा हिस्सा आला. शिवाय मामींनी असंही सांगून टाकलं की कनकांबरमला वास नसतो, म्हणून ते देवाला चालत नाही, बायकांनाच चालतं. यावर मी उसळले. आमच्याकडे गोव्यात, कोकणात देवी अबोलीने मढलेल्या असतात. शांतादुर्गेला चालतं ते तुमच्या तुळशीला का चालू नये? मामी विचारात पडल्या. देवीच्या विरोधात जाणं बरं नव्हे. अखेर ‘तिकडच्या देवीला चालतं, इकडे बघू’ असा अंतरिम आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या देवघरात कामाक्षीच्या तसबिरीला अबोलीचा चतकोर मुळम दिसला. विचारलं तर म्हणाल्या, “ट्रायल.”

डिसेंबर हा मागणीचा महिना. म्युझिक ॲकॅडमीपासून गल्लीतल्या सभेपर्यंत सगळीकडे कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली, आणि प्रत्येक कचेरीला कांजीवरम, प्रत्येक कांजीवरमला फुलं. आमच्या इमारतीतल्या मामी रागांपेक्षा रंगांचं वेळापत्रक आधी पाठवतात: गुरुवारी अरक्कु, म्हणजे लाखेच्या, रंगाची साडी, अबोली गडद हवी, म्हणजे दिल्ली; शनिवारी मोरपंखी, त्यावर गावठीची फिकी बरी. मामा एकदा अभ्यासू चेहऱ्याने सांगून गेले की दीक्षितरांच्या परंपरेत बहात्तर मेळांतला पहिलाच राग कनकांबरी, तेव्हा झाडाजवळ तो लावून ठेव, जास्त फुलेल. मी लावून ठेवला. झाडावर काही परिणाम झाला नाही. समोरच्या घरातले एक आजोबा मात्र रोज खिडकीत येऊन ताल धरू लागले आणि एकदा ‘आज का नाही?’ म्हणून बेल वाजवून गेले.

याच मामांनी मला झाडं नीट शिकायला सेम्मोळी पूंगा दाखवायला नेलं. कॅथीड्रल रोडवरचं हे उद्यान 2010 साली उघडलं, शेजारीच 1835 पासूनची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी. मला वाटलं आता शास्त्रशुद्ध माहिती मिळणार. पण उद्यान ज्या जागेवर झालं तिथे पूर्वी ‘वुडलँड्स ड्राइव्ह-इन’ हॉटेल होतं, 1962 ते 2008, आणि मामांची तरुणाई तिथल्या झाडांखाली गाडीच्या खिडकीला लावलेल्या ट्रेवर गेली आहे. तेव्हा मी झुडपाचं नाव विचारायचे आणि मामा डोळे मिटून सांगायचे, “इथे रवा डोसा.” पुढच्या वाफ्याशी, “इथे पूरी-किळंगु. ट्रेसकट.” एका फुललेल्या ताटव्यापुढे ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता तरी काही फुलाबद्दल. ते म्हणाले, “कॉफीचा काउंटर.”

फुलं अशी वाटली जातात: अक्कांच्या अंबाड्यावर थोडी, वॉचमनदादांच्या मुलीच्या दोन वेण्यांत थोडी, मामींची ठरलेली, टीचरची रविवारची, कामाक्षीची ट्रायलवरची. उरली तर माझी. आणि माझा बॉबकट. सुरुवातीला मामी फुलं घेताना माझ्या मानेकडे पाहून नुसता उसासा टाकायच्या. मग त्यांनी पिना आणून कानावर दोन फुलं खोचून पाहिली. वारा आला तशी ती चहात पडली. शेवटी एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामी खाली आल्या, पदराखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. सवुरी. म्हणजे आपलं गंगावन. कंबरेपर्यंतचं, काळंभोर, खोबरेल तेलाच्या वासाचं. “माझं आहे,” मामी म्हणाल्या, “पण तुला जास्त गरज.” दुसऱ्या दिवशी मी मूळ केसांच्या बोटभर खुंटाला अर्धा मीटर गंगावन बांधून, त्यावर माझ्याच बाल्कनीतलं पाऊण मुळम दिल्ली कनकांबरम माळून लग्नाला गेले. मान वळवली की वेणी मागाहून येत होती. नवऱ्याने मला दोनदा ओळखलं नाही. लग्नातल्या एका आजी मात्र जवळ येऊन, वेणी हातात तोलून, म्हणाल्या, “सगळे केस स्वतःचे?” मामी तत्परतेने म्हणाल्या, “फुलं स्वतःची.”

आता नवीन भानगड. पुण्याच्या नणंदेने फोटो पाहून दिल्लीवालीची फांदी मागितली. ओल्या कापडात गुंडाळून मी ती ट्रेनने पाठवली, ती रुजलीही, पावसाळाभर फुललीही. डिसेंबर लागला आणि फोन आला. पानं गळताहेत, कळी नाही, बाई रुसून बसली आहे. अबोलीला थंडी अजिबात सोसत नाही आणि पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, हे मी तिला समजावत होते. रात्री आत घे, पाणी कमी कर, फेब्रुवारीपर्यंत धीर धर. मामी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना एवढंच कळलं की दूर कुठेतरी वर एक कनकांबरम फुलत नाही. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या राखीव हिंदीत थेट मुद्द्याला हात घातला.

“कॉफी डालता?”

पलीकडून नणंद म्हणाली, आमच्याकडे कॉफी होत नाही, चहाचा चोथा घालते.

मामींनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मला परत दिला. “टी घालते म्हणे,” त्या डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, “मग कशाला फुलेल?”